संकेश्वरच्या पिनकोडापासून २१४ कोटींच्या मूळ संख्येपर्यंत

मूळ संख्या म्हणजे काय हे आपल्याकडे प्राथमिक शाळेतच शिकवतात. १ पेक्षा मोठी, आणि १ व ती संख्या स्वतः, एवढं सोडून जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ इथवर सगळ्यांना तोंडपाठ असतं. सहा आकडी संख्या पुढ्यात आली की मात्र गाडी अडते, आणि दहा आकडी आली तर मुलं वहीच मिटतात.

मी बेळगावात, शहापूर भागात, आठवी ते दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेतो. आपल्या मुलांच्या कानावर या संख्यांची दोन नावं पडतात. मराठीत मूळ संख्या, आणि शेजारच्या कन्नड शाळेतल्या मित्राकडून अविभाज्य संख्ये. दोन्ही नावं मुलांना एकदमच सांगावीत असं मला वाटतं, कारण प्रत्येकात अर्धी अर्धी गोष्ट आहे. अविभाज्य म्हणजे जिचे तुकडे पडत नाहीत ती. मूळ म्हणजे जिच्यापासून बाकीच्या सगळ्या संख्या तयार होतात ती. १ पेक्षा मोठी कुठलीही संख्या मूळ संख्यांचा गुणाकार म्हणून लिहिता येते, आणि क्रम सोडला तर एकाच पद्धतीने.

हा लेख अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. भाग गेला नाही तर नुसती फुली मारू नका, बाकी किती उरली ते लिहा. मोठ्या मूळ संख्येबद्दल जे काही कळतं, ते जवळजवळ सगळं बाकीतूनच कळतं.

आधी आपल्या गावचा पिनकोड घ्या

पिनकोड सहा आकडी असतो, म्हणजे हात बसवायला नेमका. बेळगाव मुख्य पोस्टाचा ५९०००१. शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १५, तिला ३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो: ३ × १९६६६७. निपाणीचा ५९१२३७, अंकांची बेरीज २७, म्हणजे ९ ने भाग जाणार. खानापूरचा ५९१३०२ समच आहे, तिथे विचारच नको.

७, ११ आणि १३ साठी एक युक्ती आहे. शाळेत ती फारशी सांगत नाहीत, पण सहा आकडी संख्येला ती फार सोयीची. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट पाडा आणि एकातून दुसरा वजा करा. जी वजाबाकी येईल तिला या तिघांपैकी कुणाने भाग गेला, तरच मूळ संख्येला… नाही, इथे शब्द जपून वापरू, तरच दिलेल्या संख्येला जाईल. शहापूरचा ५९०००३ घ्या. ५९० मधून ३ गेले, ५८७ राहिले. ५८७ ला ७, ११, १३ कुणीच जात नाही. एका वजाबाकीत तीन भागाकार वाचले.

मोठ्या संख्येलाही हेच चालतं, फक्त उजवीकडून तीन-तीनचे गट पाडून आलटून पालटून वजा-अधिक करायचं.

शहापूरच्या आकड्याला पुढे १७, १९, २३ असं भागत गेलात की ४३ ला भाग जातो: ५९०००३ = ४३ × १३७२१. गोकाकचा ५९१३०७ तर २३ × ४७ × ५४७ असा तीन तुकड्यांत मोडतो.

भागत कुठवर जायचं

वर्गमूळापर्यंत. संख्या दोन अवयवांत मोडत असेल तर त्यातला लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. दोन्ही मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. आणि भागायचं ते फक्त मूळ संख्यांनी. ६ ने भागून बघण्यात अर्थ नाही, ते काम २ आणि ३ ने आधीच केलेलं असतं.

आता संकेश्वर. पिनकोड ५९१३१३. हे उदाहरण मी दरवर्षी देतो.

७६९ चा वर्ग ५९१३६१ होतो, आपल्या संख्येपेक्षा थोडा जास्त. म्हणजे ७६८ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. त्या १३५ आहेत. पहिल्यांदा हे उदाहरण दिलं तेव्हा संकेश्वरहून शिकायला आलेला एक मुलगा इरेला पेटला. आपल्या गावचा आकडा मूळ निघणार, अशी त्याची खात्री होती. बाहेर पावसाची झड, लाईट गेलेली, बॅटरीच्या दिव्यात तो चौकटीच्या वहीत भागाकार मांडत होता. ५९१ वजा ३१३ म्हणजे २७८, म्हणून ७, ११, १३ एका दमात गेले. १७ ने बाकी २. ९७ ने बाकी १. १२७ ने पुन्हा १. मग बराच वेळ काहीच नाही. "सर, कशानंच जाईना की!" म्हणत त्याने ४९९ ने भागलं आणि बाकी आली ४९७, म्हणजे अवघे दोन कमी पडले. तिथे मी त्याला थांबू दिलं नाही. ५०३, ५०९, ५२१, ५२३. मग ५४१. बाकी शून्य.

५९१३१३ = ५४१ × १०९३.

५४१ ही शंभरावी मूळ संख्या आहे. म्हणजे ९९ मूळ संख्यांनी जिला भाग गेला नव्हता, ती संख्या शंभराव्या फटक्याला फुटली. पाचशेपर्यंत करून "मूळच आहे" म्हणून सोडून दिलेले कागद मी पुष्कळ तपासलेत. म्हणून वर्गमूळ आधी काढा, वहीच्या कोपऱ्यात लिहा, आणि तिथवर जा.

तो मुलगा जरा हिरमुसला, पण त्याच्या गावच्या आकड्यात एक नामांकित संख्या लपली होती. १०९३ म्हणजे १ + ३ + ९ + २७ + ८१ + २४३ + ७२९. तिची ओळख मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. कुठल्याही विषम मूळ संख्येच्या बाबतीत, २ चा त्या संख्येपेक्षा एकने कमी घात घ्या, त्यातून १ वजा करा, उत्तराला त्या संख्येने भाग जातोच. १०९३ च्या बाबतीत नुसत्या १०९३ ने नाही, तिच्या वर्गानेही भाग जातो. अशा मूळ संख्यांना वीफेरिख मूळ संख्या म्हणतात. १९१३ साली १०९३ सापडली, १९२२ साली ३५११, आणि संगणकांनी इतका शोध घेऊनही तिसरी आजवर सापडलेली नाही.

अवयव न शोधता संख्या ओळखणं

वरच्या परिच्छेदात जो नियम आला तो फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा. थोड्या रुंद स्वरूपात तो असा: संख्या प ही मूळ असेल, आणि अ ला प ने भाग जात नसेल, तर अ चा (प − १) वा घात प ने भागल्यावर बाकी १ च उरते. याचा उलटा उपयोग करायचा. बाकी १ आली नाही, तर संख्या मूळ नाही. अवयव कुठले हे माहीत नसलं तरी हे पक्कं.

९१ घ्या. दिसायला मूळ वाटते, निम्मा वर्ग फसतो. २ चा ९० वा घात ९१ ने भागून बाकी किती? ९० वेळा गुणायची गरज नाही. २ चा १२ वा घात ४०९६, आणि ९१ × ४५ = ४०९५, म्हणून बाकी १. बारा-बाराच्या सात हप्त्यांत ८४ झाले, प्रत्येक हप्त्याची बाकी १. उरलेला सहावा घात म्हणजे ६४. बाकी ६४ आली, १ नव्हे. म्हणून ९१ मूळ नाही. (७ × १३ हे आपल्याला ठाऊक आहे, पण या पडताळ्यात ते कुठेच वापरलेलं नाही.)

आता २ च्या जागी ३ घेऊन बघा. ३ चा सहावा घात ७२९, म्हणजे ९१ × ८ + १. बाकी १. ९० मध्ये सहाचे पंधरा हप्ते, म्हणून शेवटीही बाकी १. म्हणजे ३ ला ९१ ने फसवलं. २ लाही फसवणाऱ्या संख्या आहेत. ३४१ ही अशी सगळ्यात लहान, ती ११ × ३१ आहे. तिला ३ लावला की बाकी ५६ येते आणि ती पकडली जाते. काही संख्या तर आपल्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक पायाला, म्हणजे ज्याचा घात घेतो त्या आकड्याला, फसवतात, त्यांना कार्मायकेल संख्या म्हणतात. ५६१ ही पहिली. रामानुजन यांच्या गोष्टीमुळे सगळ्यांना माहीत असलेली १७२९ हीसुद्धा त्यातलीच, ७ × १३ × १९. म्हणून हा नियम "मूळ नाही" हे ठामपणे सांगतो, "मूळ आहे" हे एकट्याच्या जोरावर सांगत नाही. खात्रीने आणि तरीही झटपट सांगणारी पद्धत २००२ साली कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. ती कुठल्याही संख्येला लागू पडते.

मोठा घात काढायची रीत वर्ग करत जाण्याची. पहिला घात, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा, आणि प्रत्येक पायरीला बाकीच पुढे न्यायची म्हणजे आकडा फुगत नाही. मग लागतील ते घात एकमेकांशी गुणायचे. ५९१३१३ साठी २ चा ५९१३१२ वा घात हवा. त्याला १९ वेळा वर्ग करावा लागतो आणि मधे थोडे गुणाकार. उत्तर ३३१४०१. १ नाही. शंभर भागाकारांनी जे कळलं ते अर्ध्या तासात कळलं. ५४१ आणि १०९३ ही नावं मात्र यातून कळत नाहीत. संख्या फुटते हे कळणं आणि कुठे फुटते हे कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट मनात ठेवा. लेखाच्या शेवटी याचंच कुलूप होणार आहे. मोबाईलवर पायथॉन असेल तर त्यातलं 'पॉव' हे फंक्शन पाया, घात आणि भाजक असे तीन आकडे घेऊन ही बाकी क्षणात देतं. पण एकदा तरी हाताने करा.

आता मोठी संख्या: २१४७४८३६४७

जानेवारीच्या १ तारखेला ज्वारीचा एक दाणा बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, रोज दुप्पट. ३१ तारखेला संध्याकाळी सगळे दाणे मोजले तर ते २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ भरतील. हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरलं तर सुमारे ६४ टन ज्वारी. हीच ती संख्या, २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केलेली. आणि ती मूळ आहे.

अशा, २ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. घात स्वतः संयुक्त असेल तर मर्सेन संख्याही संयुक्तच असते. १५ व्या घाताची संख्या ३२७६७, आणि ती ७ × ३१ × १५१ आहे. घात मूळ असला म्हणजे मात्र काम झालं असं नाही. ११ मूळ आहे, पण ११ व्या घाताची २०४७ ही २३ × ८९ निघते. मुलं इथे हमखास चुकतात.

मग ३१ व्या घाताची मूळ आहे हे कसं ठरवायचं? वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे. तिथवर सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. तेवढे भागाकार कोण करणार?

इथे बाकी मदतीला येते. समजा क ही मूळ संख्या आपल्या संख्येचा अवयव आहे. म्हणजे २ चा ३१ वा घात क ने भागल्यावर बाकी १ उरते. २ चे घात घेत गेलं की बाक्यांचं एक चक्र फिरतं आणि पुन्हा १ वर येतं. या चक्राची लांबी ३१ ला भागणारी हवी. ३१ मूळ असल्यामुळे ती ३१ च असणार. आणि फर्मा सांगतो की हीच लांबी क − १ लाही भागते. म्हणून क मधून १ वजा केला की ३१ ने भाग जायलाच हवा. क विषम आहे, म्हणून ६२ नेही. झालं, अवयव असलाच तर तो ६२ च्या पटीपेक्षा एकने जास्त असणार. दुसऱ्या एका नियमाने, ज्याची सिद्धता इथे मावणार नाही, असा अवयव ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च देतो. दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी.

२०४७ वर पडताळून बघा. तिथे ११ साठी हेच: २३ म्हणजे २२ + १, आणि ८९ म्हणजे ८८ + १. बरोबर बसतं.

आता यादी करा: ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३… वर्गमूळापर्यंत हे उमेदवार ३७३ भरतात, आणि त्यातले बहुतेक स्वतःच मूळ नाहीत. वरच्या अकरांत मूळ फक्त दोन, ३११ आणि १३०३. ३११ ने भागून बघा: ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, बाकी ३५. तो बाद. असं करत शेवटपर्यंत जायचं. १७७२ साली ऑयलर या गणितज्ञाने याच वाटेने ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. आकडे डोक्यात धरून, सांगून लिहवून घेणारा तो माणूस आठवला की मुलांना मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगतो, निदान पहिले पाच उमेदवार तरी.

त्याहून छोटी वाट

मर्सेन संख्यांसाठी लुका आणि लेमर यांची कसोटी आहे आणि ती सहावीतल्या मुलालाही करता येते. ४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, दिलेल्या संख्येने भागून बाकी घ्या. घातापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. इथे फर्मासारखी फसगत नाही, निकाल दोन्ही बाजूंनी पक्का.

५ व्या घाताची संख्या ३१, म्हणून तीन पायऱ्या: ४ वरून १४, १४ वरून १९४ म्हणजे बाकी ८, ८ वरून ६२ म्हणजे बाकी ०. मूळ.

७ व्या घाताची १२७, पाच पायऱ्या: १४, ६७, ४२, १११, ०. मूळ.

११ व्या घाताची २०४७, नऊ पायऱ्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही. म्हणून संयुक्त, आणि २३ किंवा ८९ चा इथेही कुठे उल्लेख नाही.

आपल्या २१४ कोटींच्या संख्येला २९ पायऱ्या लागतात. दहा-दहा अंकी गुणाकार आहेत, पण रविवारची एक दुपार दिली तर होतात. जगातली आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्यासुद्धा मर्सेनच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, २ च्या १३६२७९८४१ व्या घातातून १ वजा केलेली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

तिचे गुण वाचायचे कसे

संख्या मूळ आहे हे ठरलं की खरी मजा सुरू होते. पहिलं, ४ ने भागून बाकी बघा. शेवटचे दोन अंक पुरतात: ४७, बाकी ३. कुठल्याही पूर्ण संख्येचा वर्ग ४ ने भागला तर बाकी ० किंवा १ येते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच येणार नाही. म्हणजे २१४७४८३६४७ दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. एका ओळीत एवढ्या मोठ्या संख्येबद्दल ठाम विधान झालं. उलट, ज्या मूळ संख्येची बाकी १ असते ती दोन वर्गांची बेरीज असतेच. संकेश्वरच्या दोन्ही अवयवांची बाकी १ आहे: ५४१ = २१ चा वर्ग + १० चा वर्ग, १०९३ = ३३ चा वर्ग + २ चा वर्ग.

दुसरं, प्रत्येक मर्सेन मूळ संख्येबरोबर एक परिपूर्ण संख्या येते, म्हणजे स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते अशी. ३१ ला १६ ने गुणलं की ४९६. आपल्या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८, एकोणीस अंकी.

तिसरा गुण समजायला गल्लीतली भिशी घेऊ. तीस सभासद आहेत, रोज एकाचा नंबर काढायचा आणि तीस दिवसांत कुणाचाही नंबर दोनदा येता कामा नये. ३१ ही मूळ संख्या घ्या, ३ पासून सुरू करा, रोज ३ ने गुणा आणि ३१ ने भागून बाकी घ्या: ३, ९, २७, १९, २६, १६, १७, २०, २९, २५, १३, ८, २४, १०, ३०, २८, २२, ४, १२, ५, १५, १४, ११, २, ६, १८, २३, ७, २१, १. तिसाच्या तीस जण आले, प्रत्येक जण एकदाच. ३ च्या जागी २ घेतला तर २, ४, ८, १६, १ एवढ्यावरच चक्र संपतं. जो आकडा सगळ्यांना फिरवून आणतो त्याला त्या मूळ संख्येचं आदिम मूळ म्हणतात. प्रत्येक मूळ संख्येला असं किमान एक असतंच. २१४७४८३६४७ चं सर्वांत लहान आदिम मूळ ७ आहे. ७ चे घात घेत गेलात तर १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक बाकी एकदाच येऊन जाते. ७ चा पाचवा घात १६८०७ हाच गुणक धरून संगणकावर यादृच्छिक वाटणारे आकडे तयार करायची पद्धत १९८८ साली पार्क आणि मिलर यांनी सुचवली आणि ती बरीच वर्षं वापरात होती. भिशीला मात्र चिठ्ठ्याच बऱ्या, कारण कालचा नंबर माहीत असला की यात उद्याचा काढता येतो.

चौथा गुण संगणकाचा. ३२ खणांत, म्हणजे बिटांत, चिन्हासह पूर्णांक साठवला तर मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत आलेली जुनी यंत्रं म्हणूनच १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, या आकड्यावर पोचतील. पुढच्या सेकंदाला त्यांच्याकडे जागा नाही. या गोष्टीचा तिच्या मूळ असण्याशी संबंध नाही, तरी ती कुठे दिसली तर ओळखता यावी म्हणून सांगितली.

संकेश्वरचं कुलूप

इंटरनेटवरच्या कित्येक कुलपांमागे १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेली कल्पना आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सगळ्यांना सांगायचा आणि त्या दोन संख्या स्वतःजवळ ठेवायच्या. खऱ्या वापरात गुणाकार सहाशेहून जास्त अंकी असतो. आपण ५९१३१३ वर करून बघू.

५४१ आणि १०९३ मधून एकेक वजा करून गुणा: ५४० × १०९२ = ५८९६८०. या संख्येशी सामाईक अवयव नसलेला एक छोटा आकडा निवडा, ११ घेऊ. ५९१३१३ आणि ११ हे दोन आकडे चौकात लिहून लावले तरी चालतील. कुलूप लावायचं म्हणजे निरोपाच्या आकड्याचा ११ वा घात घेऊन ५९१३१३ ने भागायचं. निरोप ४ असेल तर ४ चा ११ वा घात ४१९४३०४, त्यातून ५९१३१३ सात वेळा गेले, बाकी ५५११३. हाच आकडा पाठवायचा.

उघडायला किल्ली हवी: असा आकडा, ज्याला ११ ने गुणून ५८९६८० ने भागलं तर बाकी १ राहील. हे आर्यभटाचं कुट्टक गणित आहे, भास्कराचार्यांच्या लीलावतीतही त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ५८९६८० ला ११ ने भागलं की बाकी ३. ३ ला कितीने गुणून १ मिळवला म्हणजे ११ ने भाग जाईल? ७ ने, कारण २१ + १ = २२. म्हणून ५८९६८० × ७ + १ = ४१२७७६१, भागिले ११, म्हणजे ३७५२५१. ही किल्ली. ५५११३ चा ३७५२५१ वा घात ५९१३१३ ने भागा, बाकी ४ परत येते.

ज्याला ५४१ आणि १०९३ माहीत नाहीत त्याला ५८९६८० मिळत नाही आणि त्याशिवाय किल्ली मिळत नाही. सहा आकडी कुलूप त्या पावसाळी संध्याकाळी एका मुलाने चौकटीच्या वहीत फोडलं. सहाशे अंकी असतं तर तो आजोबा झाला असता तरी ते फुटलं नसतं.

आता तुम्ही करून बघा. मी एक आकडी निरोप याच कुलपाने बंद केला आणि ५६७३८४ मिळाले. किल्ली वर दिलेलीच आहे. वर्ग करत जा, प्रत्येक पायरीची बाकी लिहा.